वाचकांचे प्रश्न : कोल्ट्रेनची कपाटात राहिलेली टेप

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीने ६ मार्च १९६३ रोजी एका बैठकीत ध्वनिमुद्रित केलेला ऐवज २९ जून २०१८ रोजी ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ या नावाने बाहेर आला. या अल्बमबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील असे काही इथे घेतले आहेत. लांबलचक पत्रांना कात्री लावली आहे.

एवढ्या मोठ्या कलाकाराची टेप पंचावन्न वर्षं हरवते कशी? ‘हरवलेला अल्बम’ ही विकायची युक्ती तर नव्हे?
— एक वाचक, पुणे

थोडी युक्ती आहे, बरंचसं खरं आहे.

त्या दिवसांत कोल्ट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, बेसवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स असे चौघे न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात रात्री वाजवत होते. ६ तारखेला दुपारी ते हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सला, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत गेले, पाचएक तास वाजवलं आणि रात्री पुन्हा क्लबात हजर झाले. दुसऱ्या दिवशी, ७ मार्चला, त्याच स्टुडिओत गायक जॉनी हार्टमनबरोबरचा अल्बम झाला. तो त्याच वर्षी निघाला आणि गाजला. आदल्या दिवशीचं काम मात्र तसंच राहिलं.

अशा बैठकीतून दोन टेपा निघत. एक मास्टर, ती कंपनीकडे जाई. दुसरी मोनो (एकाच चॅनेलची) प्रत, सात इंची स्पूलवर, कलाकाराने घरी ऐकून पसंत-नापसंत ठरवावं म्हणून. मास्टर इम्पल्स कंपनीच्या साठ्यात होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साठवणीचा खर्च वाचवायला जुन्या टेपा काढून टाकल्या गेल्या, त्यात ती गेली असं मानतात. घरची प्रत कोल्ट्रेनची पहिली पत्नी नाइमा हिच्याकडे राहिली आणि पुढे तिच्या कुटुंबाने जपली. आज आपण जे ऐकतो ते या घरच्या प्रतीवरून केलेलं आहे.

युक्ती आहे ती ‘अल्बम’ या शब्दात. कोल्ट्रेनने स्वतः कोणता टेक (एका चीजेची एकेका वेळी मुद्रित केलेली फेरी) घ्यायचा, कशानंतर काय ठेवायचं, हे काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. ती निवड २०१८ मधली, त्याचा मुलगा रवी कोल्ट्रेन याच्या सहभागाने झालेली. शिवाय यातली ‘विल्या’ची सोप्रानो सॅक्सोफोनवरची चीज साठच्या दशकातच इम्पल्सच्या एका संकलनात निघाली होती. म्हणजे सगळंच काही अंधारात नव्हतं. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स (हाच तो, १९७८ च्या मुंबईतल्या जॅझ यात्रेत वाजवून गेलेला) म्हणाला, की महापिरॅमिडमध्ये नवी खोली सापडावी तसं हे आहे. उपमा झकास आहे, पण सापडलेल्या खोलीत सुतारकाम चालू आहे हे लक्षात ठेवून आत जावं.

तेव्हाच का निघालं नाही, असं दुसऱ्या एका वाचकाने विचारलं आहे. १९६३ ची यादी पाहा: ‘बॅलड्स’, ड्यूक एलिंग्टनबरोबरचा अल्बम, हार्टमनबरोबरचा आणि ‘इम्प्रेशन्स’. एकाच वर्षात एका माणसाच्या एवढ्या तबकड्या दुकानात. त्यात ‘इम्प्रेशन्स’ या तबकडीवर त्याच नावाची चीज १९६१ च्या क्लबातल्या ध्वनिमुद्रणातून घेतलेली, चौदा मिनिटांहून लांब आणि पेटलेली. तिच्यापुढे स्टुडिओतले चार-साडेचार मिनिटांचे टेक मागे पडले तर नवल नाही.

मी शास्त्रीय संगीत ऐकणारा, जॅझ जेमतेम. हा अल्बम हार्ड बॉप आणि फ्री जॅझ यांच्या मधला, असं वाचलं. म्हणजे कानाने नेमकं काय शोधायचं, आणि कुठे?
— एक वाचक, नाशिक

आधी दोन टोकं समजून घ्या.

हार्ड बॉप म्हणजे पन्नाशीच्या दशकातलं आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर यांचं जॅझ. त्याचा सांगाडा तुम्हाला परका वाटणार नाही. ठरावीक लांबीचं आवर्तन असतं: ब्लूज असेल तर १२ बार, प्रत्येक बारला ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रा, गाण्याचा साचा असेल तर ३२ बार, म्हणजे १२८ मात्रा. सगळे मिळून मुखडा वाजवतात, मग पाळीपाळीने एकेक जण त्याच आवर्तनावर विस्तार करतो, शेवटी पुन्हा मुखडा. फरक असा, की आवर्तनातल्या प्रत्येक जागेला एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, बांधलेला असतो. नवव्या बारमध्ये जो कॉर्ड असेल त्याचे स्वर नवव्या बारमध्येच लागायला हवेत.

फ्री जॅझने ही बांधणी सोडली. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने डिसेंबर १९६० मध्ये दोन चौकड्या एकत्र बसवून जे सदतीस मिनिटं सलग वाजवलं, त्यात कॉर्डांची साखळी नाही. पुढे काही जणांनी मोजायची मात्राही सोडली.

कोल्ट्रेन या दोन टोकांमध्ये सरळ रस्त्याने गेला नाही. १९५९ मध्ये ‘जायंट स्टेप्स’मध्ये त्याने कॉर्ड इतके दाटीवाटीने बसवले, की दर दोन मात्रांना खालची जमीन बदलते. त्याच वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर ‘काइंड ऑफ ब्लू’ मध्ये नेमकं उलट, सोळा-सोळा बार एकच स्वरसप्तक. १९६३ च्या या टेपेवर हे दोन्ही धडे अंगी मुरलेले आहेत आणि तिसरा खुणावतो आहे.

तो सगळ्यांत स्पष्ट दिसतो ‘इम्प्रेशन्स’मध्ये. साचा ३२ बारचा. पहिले १६ बार पांढरी दोनला षड्ज धरून काफी थाटाचे स्वर. पुढचे ८ बार अख्खा काफी उचलून काळी दोनवर. शेवटचे ८ पुन्हा पांढरी दोनवर. बस, एवढंच. इथे एक इशारा: याला राग म्हणू नका. वादी-संवादी नाही, चलन नाही, पकड नाही, आणि षड्जच जागेवरून हलतो, जे आपल्याकडे चालायचं नाही. थाटापलीकडे साम्य ताणलं की फसगत होते. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ होती हे खरं. एका चीजेचं नाव त्याने ‘इंडिया’ ठेवलं, मुलाचं नाव रवि शंकर यांच्यावरून रवी ठेवलं. पण म्हणून ‘इम्प्रेशन्स’ काफी राग होत नाही.

आता ऐका: यात टायनर वाजवतच नाही. सॅक्सोफोन, बेस, ड्रम्स, एवढेच. हे का महत्त्वाचं? पियानो कॉर्ड धरून बसला असेल, तर सप्तकाबाहेरचा प्रत्येक स्वर त्या कॉर्डला खटकतो आणि कानाला ‘चूक’ वाटतो. पियानो उठला की तोच स्वर फक्त बेसच्या एका स्वराशी तोलला जातो, तोही हलत्या. कोल्ट्रेन या मोकळ्या जागेत अर्ध्या स्वराने बाजूला सरकतो, तिथे चार-सहा मात्रा राहतो आणि परत येतो. गॅरिसन साचा सोडत नाही. सतराव्या बारला त्याचा बेस वर सरकलेला ऐकू आला, की तुम्ही बरोबर मोजताय असं समजा. म्हणजे घर हार्ड बॉपचं, पण एक भिंत काढलेली.

ड्रम्सकडे वेगळं लक्ष द्या. एल्विन जोन्स प्रत्येक मात्रा तिनात मोडतो आणि ते तुकडे बारच्या रेषा ओलांडून बांधतो. समेवर ठसठशीत थाप क्वचितच मिळते. सम असते, सगळ्यांना ठाऊक असते, पण ती ठोकून सांगितली जात नाही. सुरुवातीला झांजेच्या आवाजाला कान लावून चाल पकडा, मोठ्या ढोलामागे जाऊ नका. तो मुद्दाम आडवा जातो.

दुसरी जागा ‘स्लो ब्लूज’, ११ मिनिटं २८ सेकंद. साधा १२ बारचा ब्लूज, म्हणजे जॅझमधली अगदी घरगुती वस्तू. सुरुवातीला इथेही पियानो गप्प आहे. कोल्ट्रेन वाक्य धरतो, अर्धवट सोडतो, तेच वरच्या सप्तकात घासून म्हणतो, खालचा स्वर फाडतो. १२ बार मोजत राहा, आवर्तन कुठेही तुटत नाही. मग टायनर येतो आणि पायाखाली फरशी बसवल्यासारखं वाटतं. ज्या मिनिटाला पियानो येतो त्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक मिनिट उलटसुलट ऐकलात, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘११३८३’ हा सोप्रानोवरचा मायनर ब्लूज, त्यात गॅरिसन गज घेऊन बेस वाजवतो तो भाग चुकवू नका. ‘११३८६’ मध्ये दोन एकलांच्या मध्ये मुखडा परत येतो. आपल्याला हे नेहमीचं, कोल्ट्रेनच्या चौकडीत विरळा. ‘विल्या’ ही लेहारच्या १९०५ च्या ऑपेरेटामधली धून, हसतखेळत झुलणारी, पूर्णपणे जुन्या बाजूची.

‘नेचर बॉय’ इथे ३ मिनिटं २४ सेकंदांत संपतं, गाण्याच्या सुरावटीला धरून, विस्तार न करता. हेच गाणं त्याने फेब्रुवारी १९६५ मध्ये पुन्हा वाजवलं, दुसरा बेसवादक आर्ट डेव्हिस बरोबर घेऊन, आठएक मिनिटं. दोन्ही लागोपाठ लावा. दोन वर्षांत माणूस किती लांब गेला ते मोजायला याहून चांगली पट्टी नाही.

पहिल्यांदा ऐकताना तबकडीचा क्रम बाजूला ठेवा आणि असं ऐका: विल्या, ११३८३, इम्प्रेशन्स, स्लो ब्लूज, मग १९६३ चं नेचर बॉय आणि १९६५ चं. चाळीस मिनिटांच्या आत होतं.

एका डिस्कची आवृत्ती घ्यावी की दोन डिस्कची? आणि १९६३ मध्ये स्टिरिओ असताना हे मोनो का?
— एक वाचक, ठाणे

दोन डिस्कची. पहिलीवर सात चीजा आहेत, दुसरीवर आणखी सात टेक: ‘इम्प्रेशन्स’चे तीन, ‘११३८६’ चे दोन, ‘विल्या’ आणि ‘वन अप, वन डाउन’ यांचे एकेक. खरा खजिना दुसरीच. ‘विल्या’ पहिल्या डिस्कवर टेनर सॅक्सोफोनवर आहे, दुसऱ्या डिस्कवर सोप्रानोवर; तीच धून वाद्य बदललं की किती वेगळी बसते ते समजतं. ‘इम्प्रेशन्स’चे चारही टेक एका बैठकीत ऐकले, की काय ठरलेलं होतं आणि काय त्या क्षणी सुचलं, हे आपोआप वेगळं पडतं. प्रत्येक टेकमध्ये आलेली गोष्ट ठरलेली. एकाच टेकमध्ये आलेली, सुचलेली.

मोनो का, ते वर आलं: उरली ती घरची मोनो प्रत. त्यामुळे ॲम्प्लिफायरवरची ‘सराउंड’, ‘वाइड’ असली बटणं बंद ठेवा. मोनो आवाज कृत्रिम रुंद केला की झांजा फुटतात. एलपी वाजवत असाल आणि ॲम्प्लिफायरला मोनोचा खटका असेल तर तो लावा, खरखर बरीच कमी होते. टेपचा सुसकारा अधूनमधून ऐकू येईल. ट्रेबल उतरवून तो घालवू नका, त्याच्याबरोबर एल्विनची झांजही जाते. एका एलपीवर साधारण ४७ मिनिटं, बाजूला चोवीसच्या आसपास.

११३८३, ११३८६ ही काय नावं झाली? आणि ११३८६ चे टेक १, २ आणि ५ च का, ३ आणि ४ कुठे गेले? ‘वन अप, वन डाउन’ माझ्याकडे आधीपासून आहे, ते हेच का?
— एक वाचक, मुंबई

ते कंपनीच्या नोंदवहीतले क्रमांक. बैठकीत प्रत्येक चीजेला एक क्रमांक देतात. नाव नंतर आलं तर त्याच्यासमोर लिहितात. या दोन चीजांना नाव मिळालंच नाही, म्हणून क्रमांकच नाव झाला.

टेकचे आकडे सलग नसणं नेहमीचंच. चार बार वाजवून कुणी थांबला, सुरुवात चुकली, तरी तो टेक मोजला जातो. त्यामुळे ‘टेक ५’ म्हणजे पाच पूर्ण वादनं असा अर्थ काढू नये.

तुमच्याकडे आहे ते बहुधा ‘वन डाउन, वन अप’ असावं, १९६५ मध्ये हाफ नोट क्लबात ध्वनिमुद्रित झालेलं आणि २००५ मध्ये निघालेलं. नाव उलटं आहे आणि चीजही वेगळी आहे. दुकानदारांपासून ऑनलाइन याद्यांपर्यंत सगळे हा घोळ घालतात. तारीख पाहा: १९६३ असेल तर ‘अप’ आधी.

टेनर शिकतो आहे, तीन वर्षं झाली. ‘इम्प्रेशन्स’ बसवायचं आहे. आठ बार नीट जातात, मग कुठे आहे तेच कळत नाही.
— सॅक्सोफोनचा विद्यार्थी, मडगाव

सगळे तिथेच हरवतात, आणि त्याला कारण आहे. साचा १६, ८, ८ असा. पण शेवटचे ८ संपले की पुढच्या आवर्तनाचे १६ सुरू होतात, दोन्ही एकाच सप्तकातले. म्हणजे कानाला सलग २४ बार एकच जमीन ऐकू येते आणि मधल्या दोन सांध्यांना काहीच बदलत नाही. स्वर चुकत नाहीत, मोजणी चुकते.

स्वर आधी पक्के करा. टेनरवर (आणि सोप्रानोवरही) पहिला भाग ई डोरियन (ई ला षड्ज धरून काफी थाटाचेच स्वर): ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प, डी. मधला भाग एफ डोरियन: एफ, जी, ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट. आल्टोवाल्या मित्राला हेच बी डोरियन आणि सी डोरियन होईल. पियानोवाल्याला वाद्याच्या मूळ सुरात डी आणि ई फ्लॅट सांगा, नाहीतर पहिल्याच बारला भांडण.

मेट्रोनोम १२० वर ठेवा. कोल्ट्रेनच्या वेगाचा विचार सध्या नको. पहिला आठवडा फक्त प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला एक लांब स्वर, ३२ बार, पाच वेळा न थांबता. कंटाळा येईल, येऊ द्या. दुसरा आठवडा दर आठ बारच्या सुरुवातीला वाद्याचं सप्तक बदला: पहिले आठ खाली, पुढचे आठ मध्ये, मधला भाग वर, शेवटचे आठ पुन्हा मध्ये. याने २४ बारच्या सपाट पट्ट्यात तीन खुणा तयार होतात आणि बोटांना जागा कळू लागते. हे जमल्यावर मेट्रोनोम निम्म्यावर आणून त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजा.

तिसऱ्या आठवड्यात चार स्वरांची गट्टी घ्या: सप्तकाचा पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा. ई वरून, मग जी वरून, मग ए वरून. कोल्ट्रेनच्या वेगवान वाक्यांत ही गट्टी जागोजाग सापडते. त्यानंतरच बाहेर जा: पाचव्या आणि सहाव्या बारमध्ये तीच गट्टी अर्ध्या स्वराने वर, सातव्याच्या पहिल्या मात्रेला परत. परत येणं नेमक्या मात्रेवर झालं तर ते ‘बाहेर’ वाटतं. एक मात्रा उशिरा झालं तर नुसतं बेसूर. शिकाऊ वादकाचं मोकळं वादन बहुतेक वेळा इथेच पडतं, स्वरांमुळे नाही.

साथीला पियानो असेल तर त्याला खालून वर ई, ए, डी, जी, बी हे पाच स्वर एकदम दाबायला सांगा, मधल्या भागात सगळेच अर्ध्या स्वराने वर. हा वरची जोडी सोडता चौथ्या-चौथ्या स्वरांनी रचलेला कॉर्ड मोकळा असतो, तुमच्या तिसऱ्या स्वराला अडवत नाही. आणि दर दुसऱ्या आवर्तनाला त्याला हात उचलायला सांगा. नाशिकच्या वाचकाला दिलेलं उत्तर तेव्हा तुम्हाला हाताला लागेल.

याच्यासारखं, उशिरा सापडलेलं, आणखी काय ऐकावं?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

पहिलं नाव हसन इब्न अली, फिलाडेल्फियाचा पियानोवादक. हयातीत ड्रमवादक मॅक्स रोचबरोबरची एकच तबकडी निघाली. १९६५ मध्ये अटलांटिक कंपनीसाठी त्याने चौकडीचा अल्बम केला, टेनरवर तरुण ओडीन पोप. तो निघाला नाही आणि मूळ टेपा १९७८ मध्ये तुमच्याच राज्यात, लाँग ब्रांचच्या गोदामाच्या आगीत जळाल्या. एक प्रत वाचली होती, तिच्यावरून २०२१ मध्ये ‘मेटाफिजिक्स’ आला. आवाजाची बाजू कोल्ट्रेनच्या टेपेइतकी स्वच्छ नाही. पण हार्ड बॉपचे कॉर्ड आतून पिळून फ्रीच्या दाराशी कसे नेता येतात, हे ऐकायचं तर आमच्या मते हा अल्बम सरस आहे.

कोल्ट्रेनचंच हवं असेल तर ‘ईव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’. १९६१ मधलं, सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीसह, ध्वनिमुद्रक रिच अल्डर्सनने एकाच रिबन मायक्रोफोनवर घेतलेलं. टेप न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संग्रहात मिळाली, २०२३ मध्ये निघाली. ड्रम्स पुढे, पियानो मागे, असा तोल आहे. एक मायक्रोफोन जिथे टांगला तिथून जसं ऐकू येईल तसं. पियानोवादक अँड्र्यू हिलचा ‘पासिंग शिप्स’ही घ्या: १९६९ चा, निघाला २००३ मध्ये, नऊ जणांचा ताफा.

वडील मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायचे. घरी त्यांच्या चौदा स्पूल आहेत, सात इंची. काहींना आंबट वास येतो. मशीन मिळालं आहे. लावून पाहू का?
— एक वाचक, वास्को

अजून नाही. आंबट वास हाच मुद्दा आहे.

एकेक स्पूल बल्बसमोर धरा आणि गुंडाळीच्या आडव्या बाजूने पाहा. उजेड आरपार झिरपला तर टेप ॲसिटेटची, काळीकुट्ट दिसली तर पॉलिएस्टरची. साठच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ टेपा ॲसिटेटच्या. व्हिनेगरसारखा वास ॲसिटेट कुजायला लागल्याचा. तो थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतो, आणि त्याची वाफ शेजारच्या टेपाही बिघडवते. म्हणून वासाच्या स्पूल आजच वेगळ्या करा, प्लास्टिकच्या बंद पिशवीतून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात, थंड कोरड्या खोलीत उभ्या ठेवा, आणि सगळ्यांत आधी त्यांचीच प्रत करून घ्या. टेप कडेने लाटांसारखी वाकली असेल, तर घरच्या मशीनवर लावू नका, ती ध्वनिसंग्रहाचं काम करणाऱ्याकडेच द्या.

कुणीतरी ‘ओव्हनमध्ये भाजा’ असं सांगेलच. तो उपाय वेगळ्या रोगावरचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या, पाठीवर काळा थर असलेल्या काही पॉलिएस्टर टेपांचा चिकट पदार्थ हवेतला ओलावा ओढून घेतो. मग टेप हेडवर (मशीनचा टेप वाचणारा भाग) किंचाळते आणि तपकिरी राळ सोडते. अशा टेपेला तापमान नेमकं राखणाऱ्या उपकरणात साधारण ५० ते ५४ अंश सेल्सिअसवर आठएक तास ठेवतात, त्याने काही आठवड्यांची मुदत मिळते. ॲसिटेट भाजली तर संपली. स्वयंपाकघरातला ओव्हन तर कुठल्याच टेपेला नको, त्याचं तापमान वीस-वीस अंशांनी हलतं.

कोकणा-गोव्यात तिसरा शत्रू बुरशी. कडेला पांढरी लव दिसली तर फुंकू नका, मास्क लावा, आणि ती स्पूल मशीनला लागू देऊ नका. एका स्पूलची बुरशी हेडवरून तेराही जणींना जाते.

ज्या टेपा सुक्या, सपाट, बिनवासाच्या आहेत, त्यांनी सुरुवात करा. त्याआधी मशीनचे हेड आणि धातूचे खांब ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबराच्या चाकाला अल्कोहोल नको, ते कडक होतं, त्याला सौम्य साबणाचं पाणी. टेप जलद पुढे-मागे पळवू नका. जुने जोड सुटतात, आणि ॲसिटेट ताणत नाही, कडकन तुटते. तुटलीच तर घाबरू नका: कड सरळ तुटलेली असते, स्प्लाइसिंग टेपने नेमकी जुळते. सेलोटेप लावाल तर त्याचा गोंद पाझरून पुढचे चार थर चिकटतील.

एका बाजूला मोनो संगीत आणि दुसऱ्या स्पीकरमधून उलटं वाजणारं काहीतरी ऐकू आलं, तर टेप बिघडलेली नाही. ती दोन्ही बाजूंनी भरलेली आहे आणि तुमचं मशीन दोन्ही एकदम वाचतंय. प्रत दोन्ही चॅनेलची घ्या, उलटी बाजू नंतर संगणकावर सरळ करता येते. बाराशे फुटांची टेप सेकंदाला साडेसात इंचांनी ३२ मिनिटं चालते, पावणेचार इंचांनी ६४. वेग नक्की कोणता याची खात्री सुरावरून करू नका, बँडचं ट्यूनिंगच वर-खाली असू शकतं. टेपेत विजेची गुणगुण आलेली असते. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा संगणकावर ती रेघ ५० आणि १०० ला दिसली तर वेग बरोबर.

प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. ३२ मिनिटांचा एक मोनो चॅनेल साधारण ५५० एमबी होतो. प्रत करताना सुसकारा काढणारं काहीही लावू नका. ते काम नंतर, वेगळ्या फाइलवर. प्रत्येक टेपेसाठी हेडचा कोन नव्याने जुळवा: छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवत झांजेचा आवाज सगळ्यांत चकचकीत होईल तिथे थांबा. हे न केल्यामुळे कित्येकांना वडिलांची टेप ‘घोगरी’ वाटते आणि दोष टेपेच्या माथी जातो.

वाजवून झाल्यावर उलटी गुंडाळू नका. शेवटचं टोक बाहेर ठेवूनच खोक्यात घाला. शेजारच्या थराचा पुसट ठसा मग आवाजाच्या आधी न येता नंतर येतो आणि त्यातच झाकला जातो. खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर त्याचे फोटो आधी घ्या, पुसट झालेलं असलं तरी. कोण कोण वाजवतंय ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं सापडतं.